ठेवीमागील विश्वास : कै. धनंजयराव गाडगीळ यांचे जीवनकार्य

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या खकनार-बऱ्हाणपूर परिसराचे आणि नागपूरचे नाते जुने आहे. निमाड जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिला. राज्याची सीमा मध्ये आली. परंतु सीमेच्या अलीकडील व पलीकडील शेतकऱ्याची मराठी, त्याचा कापूस आणि पैशापाण्याच्या त्याच्या अडचणी एकच राहिल्या. हंगामात हाती आलेला पैसा कोठे ठेवावा आणि पेरणीच्या वेळी कोणाच्या दारी हात पसरावा, ही त्यांतील सर्वांत जुनी अडचण होय. या प्रश्नाच्या अभ्यासाला ज्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग दिला ते थोर अर्थशास्त्रज्ञ कै. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे याच जुन्या राजधानीत शालेय शिक्षण घेऊन मोठे झाले. त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी झाला.

धनंजयरावांच्या जन्माच्या वेळी खेड्यातील पैशाचा सारा व्यवहार सावकाराच्या वहीत सामावलेला होता. शेतकऱ्यापाशी चार पैसे शिल्लक राहिलेच तर ते सोन्याच्या दागिन्यात, धान्याच्या कणगीत किंवा जमिनीत पुरलेल्या हंड्यात जात. कोणी विश्वासाने ते गावच्या शेटजीकडे ठेवी. त्याला ना पावती, ना व्याज. गरज पडली की तोच शेतकरी त्याच शेटजीकडून जबर व्याजाने कर्ज घेई. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली, दंग्याचे लोण आसपासच्या भागात पसरले आणि १८७९ मध्ये सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु कायद्याने सावकाराचा हात थोडा आखडला, एवढेच घडले. त्याच्या जागी दुसरी पेढी उभी राहिली नाही.

ती उभी करण्याचा एक वेगळा मार्ग विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यास दाखविला होता. मराठी मध्यमवर्गीय मंडळींनी आपापली बचत एकत्र करावी आणि त्यातून एकमेकांची नड भागवावी, या हेतूने तेथे अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन झाली. सहकाराचा कायदा १९०४ मध्ये झाला. म्हणजे त्याच्या पंधरा वर्षे आधीच मराठी माणसाने आपली पेढी आपणच चालविण्याचा प्रयोग केला होता. १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने गावच्या सोसायट्यांना पैसा पुरविणाऱ्या मध्यवर्ती बँकांना मान्यता मिळाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अशा बँका निघाल्या. वकील, शिक्षक, पेन्शनर आणि नवऱ्यामागे संसार सांभाळणाऱ्या स्त्रिया यांनी त्यांत ठेवी ठेवल्या. त्या ठेवी सोसायटीमार्फत शेतकऱ्याच्या हाती कर्जरूपाने गेल्या.

या रचनेतील दुबळा सांधा १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत उघडा पडला. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याने कर्ज घेतले ते महागाईच्या भावाने आणि फेडायचे ते मातीमोल भावाने. सोसायट्यांची वसुली थांबली, बँकांच्या हाती रोख रकमेऐवजी गहाण जमिनी आल्या आणि त्या जमिनींना गिऱ्हाईक मिळेना. मध्य प्रांत व वऱ्हाड, बंगाल, बिहार, ओरिसा या प्रांतांत सहकारी चळवळ मोडकळीस आली. ठेवीदाराला कोणी फसविले नव्हते, संचालकांनी पैसा खाल्ला होता असेही सर्वत्र नव्हते. तरीही ठेव वेळेवर परत मिळण्याची शाश्वती उरली नाही. प्रामाणिक माणसांनी चालविलेली पेढीही का बुडते, हा या अनुभवाने उभा केलेला प्रश्न होता. धनंजयरावांच्या पुढील सर्व विचाराची पार्श्वभूमी ही आहे.

नागपुरातील शालेय शिक्षणानंतर धनंजयराव उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि भारतातील उद्योगधंद्यांच्या अलीकडच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ग्रंथकर्त्याचे वय तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. रेल्वे, गिरण्या, हस्तव्यवसायांचा ऱ्हास आणि शेतीची स्थिती यांची एकत्र संगती लावणारा तो ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना आधारभूत ठरला, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या.

परत आल्यावर काही काळ त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. परंतु सरकारी नोकरीत त्यांचे मन रमले नाही. १९२५ मध्ये ते सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पाच वर्षे त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. १९३० मध्ये साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या पुण्यातील आवारात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक म्हणून धनंजयराव पुण्यास आले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या पदावर राहिले.

या संस्थेत त्यांनी अर्थशास्त्राला खेड्याच्या पाऊलवाटेवर आणि बाजाराच्या ओट्यावर नेऊन बसविले. संस्थेचे एक सुरुवातीचे प्रकाशन पुण्याच्या फळबाजाराविषयी होते. आंबा, संत्री, पेरू बागेतून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जातात आणि प्रत्येक हात किती घेतो, याचा तो हिशेब होता. त्यानंतर मोटार बस वाहतुकीची पाहणी झाली, वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली, पुणे शहरातील घराघरांची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. पुण्याच्या पाहणीचे दोन खंड १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणी करणाऱ्या तरुणांनी अनुमान बांधण्याच्या आधी मोजावे, आणि मोजण्याच्या आधी विचारपूस करावी, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. भारतातील सामाजिक-आर्थिक पाहण्यांची परंपरा घडविण्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न त्यांच्याकडे अधिकृतपणे आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. १९४४ मध्ये नेमलेल्या कृषी वित्त उपसमितीचे ते अध्यक्ष होते. गाडगीळ समिती या नावाने ती ओळखली जाते. शेतकऱ्याचे जुने कर्ज त्याच्या फेडण्याच्या शक्तीप्रमाणे सक्तीने कमी केल्याशिवाय नव्या कर्जाला अर्थ नाही, आणि सहकार जेथे दुबळा आहे तेथे सरकारी साह्याने कृषिपत महामंडळे काढावीत, असा त्या समितीच्या अहवालाचा रोख होता. ही महामंडळे त्या रूपात फारशी उभी राहिली नाहीत. परंतु शेतकऱ्याच्या पतपुरवठ्याची जबाबदारी राज्यसंस्थेला झटकता येणार नाही, हा विचार तेथे ठामपणे मांडला गेला.

याच सुमारास त्यांच्या विचाराला प्रत्यक्ष कसोटीवर उतरण्याची संधी मिळाली. अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरा कालव्याच्या काठी ऊस पिकत होता. परंतु गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हाती आणि साखरेचा कारखाना खाजगी मालकाच्या हाती होता. १९४५ मध्ये बेलापूर रोड येथे भरलेल्या दख्खन कालव्यांवरील बागायतदारांच्या परिषदेचे धनंजयराव अध्यक्ष होते. उसाचा धनी शेतकरी असेल तर साखरेचा धनीही तोच का नसावा, हा विचार त्यांनी तेथे बागायतदारांपुढे ठेवला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो उचलला. विखे पाटलांनी १९२३ मध्येच आपल्या गावी सहकारी पतसंस्था काढली होती. पै पै गोळा करण्याचे आणि ती जपण्याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले होते.

गावोगाव फिरून भागभांडवल जमविण्याचे काम सोपे नव्हते. साखर कारखाना ही लाखोंची बाब. तो चालविणार कोण, पैसा बुडाला तर विचारायचे कोणाला, असे प्रश्न शेतकरी विचारीत, आणि ते प्रश्न रास्त होते. एका बाजूला आपल्यातलाच, ओळखीचा, धोतर-पागोट्यातला विठ्ठलराव आणि दुसऱ्या बाजूला पैशाचे शास्त्र जाणणारा, कोणत्याही मोहापलीकडचा पुण्याचा प्राध्यापक, ही जोडी पाहून शेतकऱ्याने कनवटीचा पैसा सोडला. धनंजयराव कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले व विखे पाटील उपाध्यक्ष. मुंबई राज्याचे अर्थमंत्री व सहकाराचे जुने कार्यकर्ते वैकुंठभाई मेहता यांनी सरकारी भागभांडवलाची बाजू सांभाळली, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला उसाचे पहिले गळीत झाले. शेतकऱ्यांच्या मालकीचा हा कारखाना यशस्वी होताच महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग लागली.

प्रवरेचे महत्त्व साखरेपुरते नाही. शेतकऱ्याला दिलेले कर्ज त्याच्या मालाच्या विक्रीशी जोडले, तर वसुलीसाठी त्याच्या दाराशी बसावे लागत नाही, हे तेथे सिद्ध झाले. ऊस कारखान्यात आला की सोसायटीचे येणे परस्पर वळते होई आणि उरलेली रक्कम सभासदाच्या खाती जमा होई. वसुली सुरक्षित झाली म्हणजे ठेवही सुरक्षित झाली. मंदीच्या काळात जो सांधा निखळला होता, तो येथे पक्का बसविला गेला.

मुंबई राज्य सहकारी बँकेचे अध्यक्षपदही धनंजयरावांनी काही काळ भूषविले. या बँकेशी वैकुंठभाईंचे १९१२ पासूनचे नाते होते आणि काटेकोर कारभाराबद्दल तिचा लौकिक होता. मुंबई प्रांतात पीककर्जाची जी पद्धत रूढ झाली, तिच्यामागे धनंजयरावांचा विचार होता. तोपर्यंत कर्जाची मर्यादा जमिनीच्या किमतीवरून ठरे. ज्याची जमीन थोडी वा ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या कुळाला सोसायटीचे दार बंद असे. पीककर्जाच्या पद्धतीत एकरी पिकाला लागणारा खर्च पाहून कर्ज ठरते, काही भाग रोख व काही भाग खतबियाण्याच्या रूपाने मिळतो आणि पीक विकल्यावर त्यातूनच फेड होते. आज सोसायटीतून कापसाला अमुक आणि केळीला तमुक अशी एकरी मर्यादा ठरते, तिचे मूळ येथे आहे.

धनंजयरावांच्या कार्याचा कळस म्हणजे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी होय. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष अ. दि. गोरवाला होते; धनंजयराव, बी. वेंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य होते. १९५१-५२ मध्ये देशातील ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत १,२७,३४३ कुटुंबांकडून माहिती गोळा करण्यात आली. एवढ्या विस्ताराची अशी पाहणी देशात पूर्वी झालेली नव्हती. डिसेंबर १९५४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यातील आकड्यांनी सहकाराच्या अभिमान्यांना धक्का बसला. पन्नास वर्षांच्या चळवळीनंतर शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के होता. सरकारी तगाईचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचेच होते.

हे वाचून कोणीही सहकाराला रामराम ठोकावा अशी स्थिती होती. समितीने नेमका उलट निष्कर्ष काढला. चळवळ आजवर अपेशी ठरली हे तिने निःसंकोच मान्य केले आणि तरीही ती यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही असे बजावले, कारण लाखो खेड्यांतील लहान माणसापर्यंत पोहोचू शकेल अशी दुसरी रचना दिसत नव्हती. अपयशाचे कारण समितीने दुबळ्यांच्या एकट्या झुंजीत शोधले. गावचा सावकार हाच व्यापारी, हाच अडत्या आणि पुष्कळदा हाच पाटील. त्याच्या सोबतीला शहरातील भांडवल. त्याच्यासमोर चाळीस-पन्नास गरिबांची सोसायटी एकटी टिकणार कशी? म्हणून सरकारने भागीदार व्हावे, कर्जाची सांगड खरेदी-विक्री व प्रक्रिया यांच्याशी घालावी, गोदामे बांधावीत, प्रशिक्षित सेवक नेमावेत आणि सोसायट्यांचा आकार कारभार परवडेल एवढा मोठा असावा, अशी एकात्मिक योजना पुढे आली.

त्या अहवालाची फळे लवकरच दिसू लागली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. रिझर्व्ह बँकेत शेतीच्या दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी स्वतंत्र निधी उभारला गेला. गोदामांसाठी कायदा होऊन वखार महामंडळे स्थापन झाली. तालुक्याच्या गावी स्टेट बँकेची पाटी, बाजार समितीच्या आवारात वखार आणि खेड्यात सोसायटीची कचेरी, हे जे चित्र पुढील पिढ्यांना सरावाचे झाले, ते या अहवालाच्या पानांतून उतरलेले आहे.

ठेवीच्या सुरक्षिततेबद्दल धनंजयरावांच्या विचाराचे सार त्यांच्या या सर्व कार्यातून उलगडते. भक्कम इमारत, लोखंडी तिजोरी किंवा संचालकांची प्रतिष्ठा यांवर ठेव सुरक्षित राहत नाही. ठेवीचा पैसा कोणाला, कशासाठी दिला आणि तो परत येण्याची वाट कोणती, यावर तिची सुरक्षितता अवलंबून असते. कर्ज उत्पादनाला दिले व उत्पन्नातून फेडले, हिशेब दरवर्षी तिऱ्हाइताने तपासला, नफ्यातला वाटा आधी गंगाजळीत टाकला आणि सभासदांनी सभेला येऊन प्रश्न विचारले, तर आडवळणाच्या तालुक्यातील बँकही टिकते. याउलट कर्ज आप्तेष्टांना दिले, थकबाकी नवे-जुने करून झाकली आणि सभा चहापाण्यात उरकली, तर महानगरातील बँकही धोक्यात येते. स्थानिक बँकेचा संचालक ठेवीदाराच्या ओळखीचा असतो. कर्जदाराची खरी ऐपत त्याला ठाऊक असते, हा या ओळखीचा लाभ. कर्जदाराला नाही म्हणताना त्याची जीभ अडखळते, हा तिचा तोटा. लाभ पदरात पडावा आणि तोटा टळावा, यासाठी बाहेरच्या तपासणीची गरज असते.

ही गरज किती खरी होती ते १९६० मध्ये कळले. त्या वर्षी केरळातील पालै सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन्ही बंद पडल्या आणि हजारो ठेवीदार हवालदिल झाले. अकोला बऱ्हाणपूरहून फार दूर नाही. या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचे काम सुरू झाले. प्रारंभी दर ठेवीदारामागे केवळ १,५०० रुपयांचे संरक्षण होते आणि सहकारी बँका त्यात नव्हत्या. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली आल्या. १९६८ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी विम्याचा मार्ग मोकळा झाला आणि १९७१ पासून तो अंमलात येऊ लागला. १ मे १९९३ पासून ही मर्यादा एक लाख रुपये झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये. गावची प्राथमिक सोसायटी व पतपेढी यांना मात्र हे छत्र नाही. तेथे ठेवीदाराची जागरूकता हाच मुख्य विमा आहे.

१९६६ मध्ये धनंजयराव संस्थेच्या संचालकपदावरून निवृत्त झाले व पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून ते राज्यसभेवरही गेले. १९६७ मध्ये त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद देण्यात आले. आयुष्यभर सरकारी योजनांची परखड चिकित्सा करणाऱ्या माणसाच्या हाती आता योजना आखण्याचे काम आले. केंद्राने राज्यांना द्यावयाच्या योजनासाह्याचे जे सूत्र त्यांनी बसविले, ते गाडगीळ सूत्र या नावाने अजरामर झाले. त्यात साठ टक्के भार लोकसंख्येला आणि प्रत्येकी दहा टक्के भार दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना होता. त्यापूर्वी असे साह्य कोणत्याही ठरावीक सूत्राने मिळत नसे; आता बहुतेक राज्यांना एकच मोजमाप लागू झाले.

बँकांच्या संबंधातील त्यांचे शेवटचे मोठे कामही याच काळातील. राष्ट्रीय पतपरिषदेने त्यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला आणि त्याचा अहवाल ऑक्टोबर १९६९ मध्ये आला. त्याच वर्षी १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांपैकी जेमतेम पाच हजारांपर्यंत व्यापारी बँका पोहोचल्या होत्या, आणि शेकडो लहान शहरांतही बँकेची शाखा नव्हती, असे अभ्यासगटाला आढळले. प्रत्येक जिल्हा हा एक घटक धरावा, तेथील शेती, धंदे व बचत यांचा अभ्यास करावा आणि त्याप्रमाणे व्यापारी व सहकारी बँकांनी मिळून कामाची आखणी करावी, असे त्याने सुचविले. याच विचारातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना जन्मली. जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा आज तयार होतो, त्याच्या मुळाशी फळबाजारात बसून मोजमाप करणारा तोच जुना पाहणीकार आहे.

धनंजयरावांच्या विचारांवर टीकाही झाली, आणि तिच्यातील तथ्य नाकारणे योग्य होणार नाही. सरकारने भागीदार व्हावे ही त्यांची सूचना दुबळ्या सभासदाला बळ देण्यासाठी होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भागीदार धनी होऊन बसला. निवडणुका लांबल्या, प्रशासक नेमले गेले, कर्जमाफीच्या घोषणांनी वसुलीची सवय मोडली आणि संचालकपद हे राजकारणाची पहिली पायरी झाले. मोठ्या बागायतदाराला सोसायटीचा लाभ आधी मिळाला आणि कोरडवाहू व आदिवासी शेतकरी मागे राहिला. खकनारसारख्या कोरकू वस्तीच्या डोंगराळ तालुक्यांना हे सांगावे लागत नाही. सोसायट्यांच्या आकाराबाबतही मतभेद झाले. १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने एका गावाला एक सोसायटी हे धोरण स्वीकारले आणि मोठ्या सोसायट्यांची कल्पना मागे पडली.

असे असले तरी या दोषांवरील इलाज त्यांच्याच लेखनात व कार्यात सापडतो. सरकारी भाग हा आधारकाठीसारखा असावा, पाय सशक्त झाले की काठी ठेवून द्यावी, हे त्या योजनेत गृहीत होते. प्रशिक्षित सेवक, स्वतंत्र हिशेबतपासणी आणि विक्रीशी जोडलेली वसुली ही तिची अविभाज्य अंगे होती. योजनेतील सोयीची अंगे घेतली गेली आणि कठीण अंगे वगळली गेली. त्या वगळण्याची किंमत पुढे ठेवीदारांनी मोजली.

१९७१ च्या वसंतात धनंजयरावांनी दिल्लीचा निरोप घेतला. पुण्याकडे परतत असताना, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी वैयक्तिक संपत्ती जमविली नाही. लोकांच्या संपत्तीचा हिशेब मात्र चोख ठेवला. नागपूर येथील सहकारी व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणसंस्थेला त्यांचे नाव आहे. पुण्यात भारत सेवक समाज व गोखले संस्था यांचे जे ग्रंथालय १९०५ पासून वाढत आले, तेही आज धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय म्हणून ओळखले जाते.

ग्रंथालयाच्या सभासदांना या शेवटच्या नामकरणाचे औचित्य वेगळे सांगायला नको. ग्रंथालय आणि सहकारी बँक या दोन्ही संस्था थोड्या थोड्या वर्गणीतून उभ्या राहतात. दोन्हींकडे जे घेतले ते मुदतीत परत करावे लागते, कारण मागे दुसरा सभासद वाट पाहत असतो. आणि दोन्हींची वार्षिक सभा ओस पडू लागली की संस्थेला उतरती कळा लागते. वर्षातून एकदा आपल्या सोसायटीचा किंवा बँकेचा अहवाल मागून घ्यावा, त्यातील थकबाकीचा, गंगाजळीचा व हिशेबतपासणीसाच्या शेऱ्यांचा भाग वाचावा आणि सभेत उठून एक प्रश्न विचारावा. धनंजयरावांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन होणार नाही, आणि आपल्या ठेवीचे याहून स्वस्त रक्षणही नाही.